दादरच्या गच्चीवरून अरुंधती

तारे बघायचे तर लोक मुंबईबाहेर जातात. मी गेल्या मे महिन्यात दुर्बीण घेऊन मिरजेहून मुंबईत गेले. ज्यांना सांगितलं त्यांनी मला वेड्यात काढलं. त्यात आमच्या गावात आकाशनिरीक्षण शिकवणारे एक सरही होते. "मुंबईच्या उजेडात काय दिसणार, मॅडम? चंद्र दिसला तरी पुष्कळ," ते म्हणाले. मला चंद्र बघायचा नव्हता. मला अरुंधती बघायची होती, तीही शुक्रवारी संध्याकाळी, दादरच्या एका लग्नाच्या हॉलवरून. असल्या कामासाठी मुंबईला जायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही, म्हणून हे चार दिवस कसे गेले ते लिहून ठेवते आहे.

मी मिरजेत पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून आहे. वय छप्पन्न. माहेर गिरगावचं. लग्न होऊन मिरजेला गेले, दहा वर्षांनी नवऱ्याने दुसरं घर केलं, तेव्हा नवरा सोडला, मिरज सोडली नाही. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्या वेळी 'थोडं जुळवून घे' असं दोन पत्रांतून कळवलं होतं. मी दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. पन्नाशी झाल्यावर स्वतःसाठी दुर्बीण घेतली. लहानशीच आहे, पुढचं भिंग आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. पण शनीची कडी दाखवते, आणि सकाळी कचेरीत गेल्यावर ती आठवून बरं वाटतं.

केतकी ही दादाची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"आत्या, गुरुजींनी विधींची लिस्ट पाठवलीय. सप्तपदी झाली की अरुंधतीदर्शन. नवरा बायकोला अरुंधतीचा तारा दाखवतो. तुला दाखवलेला?"

"दाखवला होता."

"दिसलेला?"

माझं लग्न लागलं दुपारी साडेबाराला, बंद हॉलमध्ये. गुरुजींनी वर बोट केलं. वर रंगीत कागद लावलेला पंखा फिरत होता. मी पंख्याकडे बघत राहिले, तेव्हा मागून दादा हळूच म्हणाला, "दिसली म्हण." मी म्हटलं, दिसली. संसारातलं माझं पहिलं वाक्य, आणि ते खोटं.

हे सगळं मी केतकीला जसंच्या तसं सांगितलं.

"मी नाही म्हणणार दिसली," ती मग म्हणाली. "आमचा मुहूर्त गोरज आहे, सूर्य मावळताना. विधी होईपर्यंत अंधार पडेल. तू दुर्बीण घेऊन ये."

गिरगाव, मंगळवार

मिरजेत दुर्बिणीची पिशवी मिळत नाही, तंबोऱ्याची गवसणी मिळते. वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने नळीचं माप घेऊन आतून कापूस घातलेली जाड गवसणी शिवून दिली होती. दादाच्या चाळीचे तीन जिने चढेपर्यंत चार जणांनी मला गाणं कधी आहे ते विचारलं. मिरजेत अशी गवसणी खांद्याला असली की लोक वाट करून देतात आणि गप्प राहतात. गिरगावात वाट कुणी देत नाही, चौकशी मात्र मनापासून करतात.

वहिनीने डाळिंबीची उसळ, आमरस आणि गूळ घातलेली आमटी केली होती. इतकी वर्षं मिरजेची तिखट आमटी खाल्ल्यावर माहेरची आमटी मला आता खिरीसारखी लागते, पण मी दोनदा घेतली. जेवताना वहिनी हळदीच्या दिवसाची यादी करत होती. पाच सवाष्णींची नावं तिने मोजली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शैलाताई, तुम्ही त्या वेळी पाहुण्यांच्या सरबताचं बघाल ना?"

"बघेन," मी म्हटलं. घटस्फोट घेतलेल्या बाईला काय कामं मिळतात ते मला पाठ आहे. माझं त्यावर भांडण नव्हतं, निदान त्या दिवशी.

संध्याकाळी साडेसातला मी दुर्बीण आणि तिपाई घेऊन गच्चीवर गेले. मे महिन्यात सप्तर्षी संध्याकाळी ईशान्येला वर चढत असतात. पतंगासारखे चार तारे आणि त्यांना तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून अरुंधती. मिरजेत माझ्या गच्चीवरून जरा डोळे बारीक केले की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.

गिरगावच्या गच्चीवरून ईशान्येला तीन टॉवर दिसले. एक पुरा झालेला, दोन अर्धवट, अर्धवटांवर पिवळे फोकस लावलेले. सप्तर्षी त्यांच्या मागे असणार, कारण दुसरीकडे कुठे असायचं त्यांना कारण नव्हतं. मी टाकीच्या पलीकडून काही फट मिळते का ते बघायला तिपाई सरकवली, आणि काहीतरी कुरकुरलं. कुणीतरी वाळत घातलेल्या कुरडयांवर तिपाईचा एक पाय पडला होता. त्या कुरडया शेजारच्या काकूंच्या होत्या आणि काकू तेवढ्यातच त्या गोळा करायला वर आल्या.

"गाणं खालती करायचं," त्या म्हणाल्या. "गच्ची वाळवणाला असते."

मी माफी मागितली. त्यांनी मोडलेल्या तीन कुरडया मोजून वेगळ्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तळून आमच्याकडेच पाठवल्या. गिरगाव हे असं आहे.

खाली आले तर दादा गॅलरीत वाट बघत उभा होता. दादा आयुष्यभर एका विमा कंपनीत होता, आवाज चढवत नाही.

"केतकीने सांगितलं मला," तो म्हणाला. "शैले, लग्न आहे. दोनशे माणसं असणार, त्यांच्याकडची निम्मी. सगळ्यांना खोळंबून ठेवून तारे बघायचे?"

"विधीतच आहे ते. आपण तो करायचा की करतोय असं दाखवायचं, एवढाच प्रश्न आहे."

"सगळ्या मुली म्हणतात दिसली. काय बिघडतं?"

"मी म्हटलं होतं, दादा."

तो गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकलेला पंचा सारखा करत राहिला. मग जेवायला चल म्हणाला.

लालबाग, बुधवार

केतकीचा होणारा नवरा ओंकार लालबागला राहतो. मूळचे मालवणकडचे लोक. आजोबा गिरणीत होते, सगळं कुटुंब वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलं आणि काही वर्षांपूर्वी इकडे एका उंच इमारतीत एकविसाव्या मजल्यावर आलं. आहेराच्या साड्या पोचवायला वहिनी आणि मी संध्याकाळी गेलो. ओंकारने फोनवर सांगितलं होतं, "आत्या, दुर्बीण घेऊन या, आमच्याकडून सगळं मोकळं दिसतं." म्हणून गवसणीही बरोबर घेतली. वहिनीला ते आवडलं नाही, पण जावयाचा शब्द तिला मोडवेना.

लालबागला मे महिन्यात जाताना तोंडाला रुमाल बांधावा. वर्षाचा मसाला याच दिवसांत करतात. दुकानांपुढे सुक्या मिरच्यांचे ढीग लागलेले असतात आणि आत कांडपाची यंत्रं चालू असतात. टॅक्सीतून उतरून इमारतीच्या फाटकापर्यंत मी अकरा वेळा शिंकले, वहिनीने मोजलं. ओंकारच्या घरी जाऊन गवसणी उघडली तर भिंगाच्या झाकणावरही लाल धूळ होती.

ओंकारची आई माझ्याच वयाची, ठेंगणी, हसरी बाई. तिने वहिनीसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या केल्या होत्या, वर सोलकढी. "तुमका चलता काय?" असं विचारत तिने एका झाकलेल्या पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यात बांगड्याचं तिखलं होतं. आमच्या घरात मासे चालत नाहीत. मला मिरजेत एकटी राहायला लागल्यापासून चालतात. वहिनीच्या देखत मी दोन बांगडे खाल्ले.

गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीवर रहिवाशांना मनाई आहे. ओंकारची आई पदर खोचून उठली. "गच्ची नको आमका," ती म्हणाली. "खाली चौदाव्या माळ्यार जाऊया." अशा इमारतींत आग लागली तर जमायला एक मजला मोकळा ठेवतात. त्याला भिंती नसतात, नुसते खांब आणि कठडा. त्या मजल्यावर चौघे गेलो. खाली परळच्या दिशेला दिव्यांचा खच पडला होता, आणि वर ईशान्येला एका टॉवरच्या खांद्यावरून सप्तर्षी नीट वर आलेले होते. सात नव्हते, सहा होते. चौकोनातला अत्री उजेडात बुडाला होता. शेपटीतला वसिष्ठ दिसत होता, पण एकटाच. डोळे कितीही बारीक केले तरी अरुंधतीचं नाव नाही. म्हणजे मुंबईत नुसत्या डोळ्यांनी ती दिसतच नाही. इथल्या प्रत्येक नवरीने दिसली म्हटलं ते खोटंच होतं.

मग मी दुर्बीण लावली. तिथे वारा होता, नळी थरथरत होती, तरी दोन मिनिटांत वसिष्ठ सापडला. त्याच्या बाजूला, चांगलं अंतर राखून, अरुंधती. आणि वसिष्ठ स्वतः दोन ठिपके झालेला, एक मोठा, एक थोडा लहान, मध्ये काळी फट. मी हे मिरजेत शेकडो वेळा बघितलं आहे. लालबागच्या चौदाव्या मजल्यावर मात्र मी ते ठिपके तीनदा मोजले. सरांनी चंद्राचीही खात्री दिली नव्हती.

ओंकारने बघितलं, वहिनीने बघितलं. ओंकारच्या आईने सर्वांत जास्त वेळ बघितलं.

"अरुंधती बाजूची ती ना? मगे हे दोन कोण?" तिने विचारलं.

"ते दोन्ही मिळून वसिष्ठ," मी सांगितलं. "दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरतात. नुसत्या डोळ्यांना एक वाटतो."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती काय विचार करते आहे ते मला दिसत होतं. "म्हणजे वसिष्ठाजवळ आणखी कुणीतरी आहे," ती म्हणाली. "अरुंधतीपेक्षा जवळ."

"असं कशाक म्हणतास?" ओंकारची आई म्हणाली. "आमच्या चाळीत एका खोलयेत मी आणि माझी जाव, दोघींचे संसार. बाहेरून बघणाऱ्याक एकच दिवो दिसायचो. आत किती माणसां आसत ती आत इल्याबिगर कशी कळतली?"

वहिनी हसली नाही. परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि घरी गेल्यावर तिने दादाला सगळं सांगितलं. दादा माझ्या अंथरुणापाशी येऊन बसला.

"लग्नाच्या मांडवात दोनशे माणसांपुढे तू हे दाखवणार? एक नवरा, एक बायको, आणि मध्ये तिसरी? आपल्या घरात एकदा झालं तेवढं पुरे नाही का?"

"आपल्या घरात नाही झालं, दादा. माझ्या घरात झालं. आणि ते ताऱ्यांमुळे झालं नाही."

"ती पेटी आता उघडायची नाही," तो म्हणाला.

"पेटी नाही, गवसणी आहे. केतकीने बोलावलं म्हणून आणलीय. ती नको म्हणाली तर उघडणार नाही."

दादर, गुरुवार

सकाळी केतकी माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले होते. "आत्या, राहू दे का गं?" ती म्हणाली. "बाबा कालपासून जेवले नाहीयेत. आई म्हणते अपशकुन आहे. मला माहितीय हे सगळं बोगस आहे, पण मला उद्या भांडण नकोय."

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. तिच्या वयाची असताना मलाही भांडण नको होतं. मी तिला म्हटलं, "तू ठरव. मी उद्या गच्चीवर दुर्बीण लावून ठेवीन. तू दिसली म्हणालीस तर मी ती बांधून गुपचूप पंगतीला येईन. तुला एक शब्द बोलणार नाही. पण लावणार आहे मी."

दुपारी हळद होती. मी लिंबाचं सरबत करून ग्लास ओळीने भरून ठेवले, वर झाकणं ठेवली आणि दादरला निघाले. सवाष्णींना माझी गरज नव्हती आणि हॉलची गच्ची बघणं जरुरीचं होतं.

दादरला फुलांच्या बाजाराच्या बाजूने गेलं की लग्नसराईत चालता येत नाही. झेंडूच्या पाट्या, लिलीच्या जुड्या, आणि प्रत्येकाला घाई. मिरजेत फुलवाली गजरा मोजून देताना दोन गोष्टी बोलते. इथे तिने गजरा पुडीत टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या दिवशी मला ते बरंच वाटलं. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.

हॉल तिसऱ्या मजल्यापर्यंत आहे, चौथ्यावर गच्ची. मॅनेजर म्हणाला, "गच्चीवर केटरिंग आहे, मॅडम. पाहुणे वर नाही जात." मी म्हटलं, मी नवरीची आत्या आहे आणि मला आचाऱ्यांना भेटायचंय. त्याने जिन्याकडे हात केला.

आचारी संगमेश्वरकडचे, साठीचे, कपाळाला टॉवेल बांधलेले. गच्ची चांगली मोकळी होती. ईशान्येला रस्त्यापलीकडे जुन्या ठेंगण्या इमारती, त्यांच्यावर आकाशच आकाश. फक्त नेमकी त्याच कठड्याला त्या दिवशीच्या लग्नाची जिलबीची कढई मांडलेली. मी त्यांना अडचण सांगितली. पेटलेल्या शेगडीवरची हवा तापून हलते. तिच्यावरून बघितलं तर तारा उकळल्यासारखा दिसेल, दोनाचे तीन आणि तिनाचे काहीही.

"तुम्ही तारा बघणार लग्नात?" त्यांनी विचारलं.

"नवरी बघणार. बघितला तर."

त्यांनी गच्चीवर नजर फिरवली. "उद्या कढई तिकडे पश्चिमेला नेतो," ते म्हणाले. "वाराही तिकडून सोयीचा नाही, पण चालेल. किती लग्नांत जेवण केलं, पण वरती कुणी काही बघायला आलं नाही. खाली बसून नुसती बोटं दाखवतात." मग त्यांनी मला पाकात न घातलेली एक जिलबी चवीला दिली. ती मी उभ्याने खाल्ली.

दादर, शुक्रवार

मुहूर्त वेळेवर लागला. अक्षता पडल्या, लोक आइस्क्रीमकडे वळले, आणि घरचेच मोजके होमापाशी राहिले. मी आठला वर गेले. मे महिन्याची धूळ होती, आकाश राखाडी होतं, पण वसिष्ठ होता. दुर्बीण त्याच्यावर लावली, आचाऱ्यांना राखणीला उभं केलं, गच्चीवरचे दोन मोठे दिवे त्यांच्या माणसाकडून बंद करून घेतले आणि खाली येऊन मागे उभी राहिले.

सप्तपदी झाली. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि बोट वर केलं. वर पांढरं छत होतं, छतात बसवलेले बारीक दिवे होते. "हा ध्रुव, हे सप्तर्षी, ही अरुंधती," ते म्हणाले. "दिसली म्हणा."

ओंकार केतकीकडे बघत होता. केतकी छताकडे बघत होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मुंडावळ्यांची टोकं हलताना दिसत होती.

दादा तिच्या मागेच उभा होता. तो पुढे झुकला आणि अगदी हळू म्हणाला, "दिसली म्हण."

"नाही दिसली," केतकी म्हणाली.

ती मोठ्याने नव्हती बोलली, तरी आइस्क्रीमकडचे काही लोक वळले. गुरुजींना वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा बोट केलं.

"गुरुजी, तिथे लाइट आहेत," केतकी म्हणाली. "अरुंधती गच्चीवरून दिसेल. आत्याने दुर्बीण लावलीय. मला बघायचीय."

दादा माझ्याकडे वळला. मी नजर हटवली नाही. त्या क्षणी त्याने नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी सगळं तिथेच मिटलं असतं, कारण केतकीचा आवाज तोपर्यंत कापायला लागला होता. पण त्याच्या आधी ओंकारची आई पाटावरून उठली. तिने शालू सावरला आणि गुरुजींना विचारलं, "वर जाऊक काय हरकत आसा काय?"

गुरुजी तरुण नव्हते, गुडघे धरून उठावं लागत होतं. त्यांनी क्षणभर विचार केला. "हरकत कसली," ते म्हणाले. "खरं म्हणजे बाहेरच जायचं असतं. कुणी जात नाही." आणि ते जिन्याकडे निघाले.

मग सगळेच निघाले. शालू, धोतरं, हातात आइस्क्रीमच्या वाट्या. गच्चीवर काळोख, तळणीचा वास, पलीकडे कढई. मी नळी पुन्हा वसिष्ठावर आणली आणि केतकीला डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. मुंडावळ्या मध्ये येत होत्या, त्या ओंकारने बाजूला धरल्या.

तिने दुसरा डोळा हाताने झाकला. मग म्हणाली, "तीन आहेत."

मागे कुजबुज झाली. "शैले," दादा म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, सांगू नकोस.

मी सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाजूची अरुंधती. आणि ज्याला आपण एक वसिष्ठ म्हणतो ते दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे, इतके सावकाश की आपल्या कितीतरी पिढ्यांत त्यांची एक फेरी पुरी होत नाही. ओंकारकडचे एक गृहस्थ मोठ्याने हसले. "म्हणजे ऋषींनी पण दुसरी ठेवलेली," ते म्हणाले, आणि दोघेतिघे त्यांच्याबरोबर हसले.

मी बावीस वर्षं हे हसू ओळखते. कचेरीत ओळखते, बसस्टँडवर ओळखते. "हसायचं असेल तर आधी बघा आणि मग हसा," मी म्हटलं. "रांग लागलीय. मागे उभे राहा."

ते गृहस्थ रांगेत उभे राहिले. खरोखर राहिले. बघून झाल्यावर हसले नाहीत, आपल्या बायकोला म्हणाले, "तू पण बघ."

केतकीनंतर ओंकारने बघितलं, मग गुरुजींनी. गुरुजींनी चष्मा काढला, परत घातला, परत काढला. "इतकी लग्नं लावली," ते म्हणाले, "पाहिली आज." आणि तिथेच उभ्याने त्यांनी अरुंधतीचा मंत्र पुन्हा म्हटला, या वेळी बोट बरोबर दिशेला करून. केतकी म्हणाली, "दिसली."

दादा सर्वांत शेवटी आला. पाहुणे जेवायला उतरले होते. त्याने डोळा लावला.

"मला काही दिसत नाही," तो म्हणाला.

"तारा सरकला असेल. थांब." मी नळी थोडी हलवली. तो पुन्हा वाकला. कढईत जिलब्या सोडल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने, डोळा न काढता, तो म्हणाला, "त्या दिवशी मलाही नव्हती दिसली, शैले."

"माहीत आहे. पण हे म्हणायला तू बत्तीस वर्षं लावलीस."

तेव्हा त्याने डोळा काढला. मी आणखी काही बोलून त्याला सोपं करून दिलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तिपाई मिटली आणि खाली आलो.

खाली गुरुजी टेबलाशी लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म भरत होते. तीन साक्षीदार लागतात. दोन सह्या ओंकारकडच्या झाल्या होत्या. तिसरीसाठी वहिनीने तिच्या भावाला आणि भावजयीला बोलावून ठेवलं होतं. "जोडप्यातल्या कुणाची तरी सही बरी," ती म्हणत होती. केतकीने तिच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. वहिनी बोलायला गेली आणि थांबली. मग तिने स्वतःच खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

साक्षीदाराचं पूर्ण नाव, असा रकाना होता. लग्नाच्या पत्रिकेत दादाने मला सौ. लावलं होतं आणि पुढे त्या माणसाचं आडनाव, चार लोकांनी काही विचारू नये म्हणून. मी वडिलांचं नाव लावून लिहिलं, शैला गोविंद दामले. पत्ता लिहिला, मिरज. व्यवसाय, नोकरी. वधूशी नातं, आत्या.

दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. "पत्रिकेत वेगळं छापलंय," तो म्हणाला.

"पत्रिका चुकली," मी म्हटलं, आणि सही केली.